चौसोपी घर, आगर आणि साडेअकरा एकर: खरेदीच्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४
गुहागर तालुका, जिल्हा रत्नागिरी. गाव समुद्रापासून बरंच आत आहे, त्यामुळे सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील निर्बंधांचा) प्रश्न येत नाही. चिऱ्याचं चौसोपी घर, मध्ये चौक, पुढे खळं, मागे न्हाणीघर आणि गोठा. भोवती नारळ-सुपारीचं आगर, वर हापूसची कलमबाग, खाली भातखाचर, कडेला कातळाचा माळ.

विक्रेत्यांनी दिलेला हिशेब असा:
स.नं. (सर्व्हे नंबर) ४१ हि.नं. (हिस्सा नंबर) २, म्हणजे ४१/२ – घर आणि आगर, १ हेक्टर १८ आर
स.नं. ४१ हि.नं. ३ – कलमबाग, १ हेक्टर ९६ आर
स.नं. ४४ हि.नं. १ – वरकस (हलक्या जमिनीचा) माळ, १ हेक्टर १० आर
स.नं. ५२ हि.नं. ४ – भातखाचर, ३८ आर
एकूण ४ हेक्टर ६२ आर, म्हणजे ११.४ एकर.

खरेदीदार सातारा जिल्ह्यातले, वडिलोपार्जित शेती त्यांच्या नावावर आहे. हे आधीच तपासलं. शेतकरी नसलेल्या माणसाला कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि घेतली तर कलम ८४क खाली व्यवहारच अवैध ठरतो. घर कितीही जुनं आणि देखणं असलं तरी ते गावठाणाबाहेर, सातबाऱ्याच्या जमिनीत उभं आहे. कायद्याच्या लेखी ही शेतजमिनीची खरेदी आहे, घर त्या जमिनीसोबत येतं.

घर आतून पाहण्याची घाई नको असं ठरलं. आधी कागद, मग हद्द, मग पाणी, छप्पर त्यानंतर. छप्पर पैशाने दुरुस्त होतं. वारस राहून गेला तर ते काम पैशाने होईलच असं नाही.

१९ नोव्हेंबर २०२४
चारही सातबारे, ८अ, आणि सातबाऱ्यावर क्रमांक असलेले सगळे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) मागवले. फेरफार क्रमांकामागे क्रमांक घेत हस्तलिखित काळापर्यंत जायचं. मध्येच एखादा सुटला तर नेमका तोच नडतो.

विक्रेत्यांकडून ग्रामपंचायतीचा नमुना ८ आला. त्यावर घराला एकाच भावाचं नाव आहे आणि तो "घर माझ्या नावावर" असं सांगतो आहे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच तिच्यातून कळतं, मालकी ठरत नाही. तलाठ्याकडचा ८अ हा वेगळा कागद, एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा. या दोन आठांची गल्लत नेहमीची.

४१/२ च्या जुन्या नोंदीत नावापुढे "ए.कु.मॅ." आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. ही तीन अक्षरं दिसली की वंशावळ काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

३ डिसेंबर २०२४
वंशावळ. सातबाऱ्यावर पाच नावं, प्रत्यक्षात हिस्सेदार सतरा.

मूळ पुरुष १९६१ मध्ये वारले. तीन मुलगे, दोन मुली. वारस नोंदीत फक्त मुलगे लागले. त्या काळी तसंच लावत. पण मृत्यू हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये आल्यानंतरचा आहे. त्यामुळे वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुली तेव्हाच वारस झाल्या, नाव चढो वा न चढो. दोन्ही मुली आज हयात नाहीत, त्यांची मुलं वारस. एका मुलीचं सासर चिपळूणला, दुसरीचा परिवार मुंबई आणि टोरांटोत.

पुढच्या पिढीतल्या मुलींचं गणित वेगळं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार झाली. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला: वडील हयात असण्याची गरज नाही. मुख्य अपवाद असा, की २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने वाटप झालेलं असेल तर ते उघडलं जात नाही. इथे भावांत १९९४ मध्ये "तोंडी वाटप" झाल्याचं सांगतात, शंभराच्या स्टॅम्पपेपरावर सह्या आहेत, नोंदणी नाही. त्यावर विसंबायचं नाही.

विक्रेत्यांची सूचना: पाच जण खरेदीखत करून देतील, बाकीच्यांचं "आम्ही बघून घेऊ". स्पष्ट नकार. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे त्याला घरात सामाईक ताबा मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ घरच्यांना तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत परत घेऊ देतं. पैसे देऊन ओटीवर बसायचाही हक्क मिळत नाही, अशी ती खरेदी होते.

ठरलं ते असं:
– सतराही जण खरेदीखतात लिहून देणार म्हणून येतील. ज्यांना पैसे नकोत ते भावंडांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करतील. साध्या कागदावरची "ना हरकत" घेणार नाही.
– त्याआधी सुटलेल्या वारसांचा फेरफार होऊन सगळी नावं सातबाऱ्यावर येतील.
– टोरांटोतल्या दोघांचं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित होईल. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे, ही मुदत लोक हमखास विसरतात. मुखत्यारपत्रात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, "विक्री करणे, मोबदला स्वीकारणे, नोंदणीस हजर राहणे" हे शब्दशः हवं. "मालमत्तेची देखभाल" एवढ्यावर दस्त नोंदवला जाणार नाही.

१८ डिसेंबर २०२४
तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स दोनवरून (नोंदलेल्या दस्तांच्या सूचीवरून). एकच जुनी गोष्ट सापडली. ४१/३ वर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात आहे. कर्ज फिटल्याची पावती घरात आहे, पण बोजा कमी केल्याचा फेरफार नाही. सोसायटीचं बेबाकी (काही देणं नसल्याचं) पत्र घेऊन नोंद कमी करायला दिली.

दाव्यांचा शोध ई-कोर्टवर नावाने घेतला, मराठी नावाच्या इंग्रजी स्पेलिंगचे सगळे प्रकार टाकून. जाहीर नोटीस दोन दैनिकांत, एक रत्नागिरीत वाचलं जाणारं, एक मुंबईत. कोकणातल्या जमिनीचे निम्मे हिस्सेदार मुंबईत असतात, नुसत्या स्थानिक पेपरातली नोटीस नोटीस नव्हे. मुदत १४ दिवस.

९ जानेवारी २०२५
हरकत आली नाही. आता कुळाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या, नोंदी.

५२/४, भातखाचर: इतर हक्कात "कु.का. कलम ४३ ला पात्र". म्हणजे विक्रेत्यांचे आजोबा इथे स्वतःच कूळ होते आणि त्यांना ही जमीन कुळकायद्याने मिळाली. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, त्या तारखेपासूनचा हा हक्क. कलम ३२म चं (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र १९६८ चं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर विक्रीला पूर्वपरवानगी लागत नाही, आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरायचा. आकार ३ रुपये ७५ पैसे, नजराणा १५० रुपये. रक्कम हास्यास्पद, पण चलन दस्ताला जोडलेलं नसेल तर पुढचा फेरफार अडतो.

४४/१, माळ: इथे चित्र उलटं. इतर हक्कात दुसऱ्याच माणसाचं नाव कूळ म्हणून, साठ वर्षं तसंच. कलम ३२ग प्रमाणे कुळाने द्यायची किंमत ठरली का, कुळाने खरेदीला नकार दिला का, याचा एकही आदेश फायलीत नाही. कुळाचे वारस गावातच आहेत आणि माळावर अजून गवत कापतात. "प्रतिज्ञापत्र करून नाव उडवू" असं सुचवलं गेलं. कुळाचं नाव प्रतिज्ञापत्राने उडत नाही. त्याला शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून काम करणाऱ्या तहसीलदारांचा आदेश लागतो, आणि कुळाने नकार दिलेला असला तरी जमीन आपोआप मालकाकडे परत येत नाही, ती कोणाकडे जावी याची कलम ३२प ची चौकशी होते.

४४/१ व्यवहारातून वगळला. उरलं ३ हेक्टर ५२ आर, ८.७ एकर. अडचण एकच: डांबरी रस्त्यावरून घराकडे येणारी वाट याच माळावरून येते.

वनखात्याचीही खात्री केली. कलमबागेला लागून जंगल आहे, म्हणून भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) ची जुनी नोटीस किंवा १९७५ च्या खाजगी वन कायद्याची नोंद आहे का ते पाहिलं. नाही.

२८ जानेवारी २०२५
मोजणी. अर्ज खातेदारच करू शकतो, म्हणून विक्रेत्यांनी केला. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या. मोजणीच्या दिवशी आपल्या हातात जुन्या मोजणीचे कागद, म्हणजे टिपण, गुणाकार बुक आणि फाळणीच्या नकाशाच्या नकला असाव्यात. भूकरमापक रोव्हर (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) लावतो, पण जुळवायचं असतं ते ३३ फुटी साखळीने केलेल्या मोजमापाशी. म्हणून खुणेचे जुने दगड सापडणं महत्त्वाचं. तीन हिस्से मिळतात त्या कोपऱ्यावरचा दगड करवंदीच्या जाळीत पुरलेला निघाला. तो सापडेपर्यंत पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

निष्कर्ष:
– ४१/२ भोवतीच्या गडग्याच्या (रचलेल्या दगडी कुंपणाच्या) आत १ हेक्टर २६ आर भरतात, कागदावर १.१८. आठ आर शेजारच्या ४१/१ चे आहेत, सुपारीच्या दोन ओळींसकट. गडगा म्हणजे हद्द नव्हे. ढोरं आत येऊ नयेत म्हणून जिथे दगड सोयीचा तिथे तो घातलेला असतो. किंमत १.१८ चीच धरली.
– विहीर आपल्या हद्दीत, पण ४१/१ च्या मालकाचा त्यात एक तृतीयांश हिस्सा, पाळीने. इतर हक्कात तशी नोंद आहे.
– माळावरची वाट २.४ मीटर रुंद. टेम्पो येतो, ट्रक येत नाही. शेवटचे १८० मीटर पाखाडी (दगडी पायवाट). कौलं, वाळू, चिरे डोक्यावरून न्यावे लागतील. दुरुस्तीच्या अंदाजात ही मजुरी वेगळी धरायची, ती प्रत्येक सामानाला लागते.

क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) येईपर्यंत साठेखत (विक्रीचा करार) नाही.

वाटेसाठी: विक्रेते ४४/१ मधून वहिवाटीचा हक्क नोंदणीकृत दस्ताने देतील, नकाशासह, आणि कुळाचे वारस त्यात संमती देणार म्हणून सही करतील. वीस वर्षांच्या वापराने वहिवाट मिळते हे खरं, पण ती सिद्ध करायला न्यायालयात जावं लागतं. दस्त स्वस्त पडतो.

१२ फेब्रुवारी २०२५
घर. माळ्यावर चढून छप्पर आतून पाहिलं, दिवे बंद करून. उन्हाचे ठिपके जिथे दिसतात तिथे खूण.

छपराचं उतारासह क्षेत्र ५२० चौमी. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५, म्हणजे ७,८०० कौलं. त्यातली सुमारे १,७०० बाद: फुटकी, कडा उडालेली, किंवा पाणी पिणारी. पाणी पिणारं कौल ओळखायला ते कोरडं वजन करून रात्रभर भिजवायचं आणि परत तोलायचं. नख मारून येणारा आवाजही सांगतो. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर बाजूला.

चौकाच्या दक्षिण अंगाला बासेल मिशनच्या छापाची कौलं आहेत. मंगळुरात मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला, म्हणून छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. घर त्याहून जुनं असेल तर मूळचं आच्छादन नळ्याच्या कौलांचं असावं. बाकीच्या अंगांवर तीन वेगवेगळ्या कारखान्यांचा माल आहे, आणि गळतीचं खरं कारण तेच. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कण्यावर बसत नाही. वरून रांग सरळ दिसते, खाली बोटभर फट. उपाय: सगळी उतरवायची, छापानुसार ढीग लावायचे, एका अंगाला एकच छाप चढवायचा. नवी कौलं फक्त गोठ्याकडच्या अंगाला, सगळी एका कारखान्याची. उतरवताना फुटतात म्हणून आठ टक्के जास्त मागवायची.

दुसरं कारण रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या. या कौलांना रिपेपासून रिप साधारण साडेबारा इंच लागते. पूर्वेकडे कोणीतरी रिपा वाचवायला तेरा-सव्वातेरावर ठोकल्या आहेत, त्यामुळे कौलाची चढण (एकावर एक येणारा भाग) कमी झाली. आढ्यापासून पागोळीपर्यंत सुतळी ताणली तर मधले वासे चार मीटरमध्ये ४५ मिमी दबलेले. दबलेल्या पोटात पाणी रेंगाळतं आणि वाऱ्याने उलटं चढतं. इथे वरून डांबर किंवा सिमेंट फासून काही होणार नाही. कौलांखाली प्लास्टिक अंथरण्याचा सल्ला गावात सर्रास मिळतो. त्याने पाणी खोलीत पडत नाही एवढंच, वाफ अडते आणि वासे वरून कुजतात.

लाकूड: खांब सागाचे, तुळया फणस आणि किंजळ, वासे आईन. तुळईची मधली लांबी सगळेच पाहतात. पाहायची ती भिंतीत गेलेली टोकं. एकूण ३८ टोकं टोचणीने आणि हातोडीने तपासली, ९ बाद. उत्तरेच्या भिंतीतलं एक टोक बाहेरून रंगवलेलं, धडधाकट. टोचणी अर्ध्या बोटावर अडकली, मग एकदम मुठीपर्यंत गेली, आणि बाहेर काढल्यावर भोकातून ओला तपकिरी भुगा सांडला. आर्द्रतामापक तिथे २७ टक्के दाखवतो. वीसच्या वर लाकूड कुजायला मोकळं. कारण भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहे: पन्हळ फुटली, पाणी भिंतीवर उतरलं, आणि नंतरच्या दुरुस्तीत टोकाभोवती सिमेंट ठासलं. टोकाला वारा लागत नाही. नवा तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा, तिरक्या सांध्याने, गंज न धरणाऱ्या बोल्टांनी जोडायचा आणि टोकाभोवती दोन सेंटिमीटर मोकळं ठेवायचं.

वाळवीच्या मातीच्या नळ्या देवघराच्या जोत्यावर आणि कोठारात. खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) बसलेले आहेत म्हणून वाचले. जिथे फरशी वर घेऊन तळखडा गाडला गेला, तिथे दोन खांब खालून पोकळ.

भिंती दोन फुटी, चिरा मातीत बांधलेला, चुन्याची दरजभराई. बाहेरून मीटरभर उंचीचं सिमेंट प्लॅस्टर आहे, ते काढायचं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने सोडणं थांबतं, क्षार वर चढून आतल्या बाजूला चिरा भुसभुशीत होतो. चौकाच्या मोरीचा उतार उलटा आहे. विजेचं वायरिंग पूर्ण नवं धरलं, अर्थिंगच नाही.

४ मार्च २०२५
बाग. कलमं ११४, हापूस बहुतेक, वीसेक पायरी. मागची काही वर्षं बाग खंडाने (ठरावीक रकमेवर दुसऱ्याला) दिलेली. खंडाची बाग पाहताना प्रश्न एकच: कल्टार (मोहोरासाठी देतात ते संजीवक) किती आणि किती वर्षं? दरवर्षी भरमसाट देऊन झाड ओरबाडलेलं असेल तर फुटवा आखूड, पालवी झुबक्यात, फांद्यांची टोकं वाळलेली. चाळीसेक झाडांत हे दिसतं. ती दोनतीन हंगाम उत्पन्नात धरू नयेत.

खंडकऱ्याशी लेखी करार फक्त फळांचा हवा. जमीन कसायला दिल्याचा वास जरी त्यातून आला तरी कूळ म्हणून दावा उभा राहतो. ई-पीक पाहणीत कोणाचं नाव लागलं आहे ते पाहिलं, विक्रेत्यांचंच आहे. चालू हंगामाची फळं खंडकऱ्याची, त्याने ३१ मेला बाग सोडायची, तसं त्याच्या सहीने घेतलं.

आगरात सुपारी ३२०, नारळ ७०. सुपारीच्या बुंध्यांवर शेवाळ खूप, दाट लागवड. विरळणी लागेल.

शिमगा तोंडावर आहे. गावची पालखी दरवर्षी या खळ्यात बसते. आगरातल्या "ब्राह्मण" नावाच्या देवस्थानाला विक्रेत्यांचं कुटुंब वर्षातून एकदा नारळ द्यायला येतं. दोन्ही गोष्टी दस्तात घ्यायच्या: पालखीची प्रथा चालू राहील, स्थानाची पूजा कुटुंबाला करता येईल, मात्र त्यातून जमिनीवर हक्क निर्माण होणार नाही. हे न लिहिणारे पुढे गावाशी भांडण ओढवून घेतात, आणि गावाशी भांडून वाडीत गडी मिळत नाही.

२१ मार्च २०२५
क-प्रत मिळाली, सतराही नावं सातबाऱ्यावर चढली, बोजा कमी झाला. साठेखत नोंदवलं. ताबा मुद्दाम घेतला नाही, कारण महाराष्ट्रात ताब्यासह साठेखताला खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो. अटी: मे महिन्यात विहिरीची चाचणी, वाटेचा दस्त खरेदीखताच्या दिवशीच, आणि घर रिकामं.

परिशिष्टात जंगम वस्तू एकेक करून: ओटीवरचा झोपाळा कड्यांसकट, कोरीव दरवाजे, देवघराची चौकट, कोठारातल्या कणग्या. जुन्या घरांतून साठेखत आणि खरेदीखत यांच्या मधल्या काळात दरवाजे चालू लागतात. प्रत्येकाचा फोटो जोडला.

किंमत दोन भागांत दाखवली, शेतजमीन आणि घर. शहराच्या ठरावीक अंतराबाहेरची ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही, घर आहे. टोरांटोतल्या दोघांच्या घराच्या हिश्श्यावर आयकर कायदा १९६१ च्या कलम १९५ प्रमाणे करकपात खरेदीदाराने करायची. ती चुकली तर वसुली खरेदीदाराकडून होते.

६ मे २०२५
विहीर. व्यास ४.२ मीटर, पाणी ३.१ मीटर खोल. पंपाने दीड मीटर उपसलं, म्हणजे सुमारे २०,८०० लिटर. बारा तासांत ६० सेंटिमीटर भरलं, ८,३०० लिटर. दिवसाला साधारण १६,००० धरले तर शेजाऱ्याची पाळी वजा जाता १०,७०० उरतात. गरज: सुपारीला झाडी १५ लिटर, ४,८००, नारळाला ४०, २,८००, घराला १,५००. एकूण ९,१००. भागतं, पण जेमतेम. मोठ्या कलमांना पाणी लागत नाही म्हणून निभावतं. खरेदीदारांच्या डोक्यात आठ खोल्यांचा होमस्टे होता, तो या विहिरीवर होणार नाही. आगराला पाटाऐवजी ठिबक केलं तर दोन-तीन खोल्यांपुरतं पाणी सुटेल.

जुना शोषखड्डा विहिरीपासून ९ मीटरवर. हे अंतर फारच कमी. हलवायचा.

२६ मे २०२५
पाऊस यंदा फारच लवकर. मोसमी वारे २४ मेला केरळात आणि आज मुंबईत. छप्पर उतरवण्याचा बेत मेच्या शेवटी होता, तो रद्द. उघडं छप्पर आणि कोकणातला पाऊस एकत्र ठेवायचे नसतात.

फायदा एवढाच की खरेदीखताआधी घर पावसात पाहता आलं. फेब्रुवारीत खुणा केलेल्या जागा गळतातच, पण चौकातलं पाणी मोरीकडे न जाता देवघराच्या जोत्याशी तळं करतं. वाळवी तिथेच का, ते उघड झालं. उत्तरेच्या भिंतीवर पाणी पन्हळीच्या सांध्यातून सरळ त्या कुजलेल्या टोकावर येतं. तात्पुरती पन्हळ बांधली, नऊ टोकांखाली टेकू दिले, पूर्वेच्या अंगावर ताडपत्री. उरलेलं नोव्हेंबरात.

या दोन बाबींसाठी किमतीत आणखी वजावट मागितली, निम्मी मिळाली.

११ जून २०२५
खरेदीखत आणि वहिवाटीचा दस्त पाठोपाठ नोंदवले. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३०,००० रुपये, म्हणजे इथे ३०,०००. मुद्रांक करारातली किंमत आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. सतरांपैकी दोघी वयस्क बहिणी आल्या नाहीत. लिहून देणाऱ्याची सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला हजर होता येतं, पण मोबदल्याचा त्यांचा धनादेश त्यांची कबुली होईपर्यंत आपल्याकडेच ठेवला. दोघींची कबुली १६ जूनला झाली.

८ जुलै २०२५
फेरफाराच्या नोटिशीची १५ दिवसांची मुदत हरकतीविना गेली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. तिन्ही सातबाऱ्यांवर खरेदीदारांची नावं. ५२/४ चा "कलम ४३" शेरा मात्र तसाच राहिला, नजराण्याच्या चलनासह तहसीलला वेगळा अर्ज दिला. नमुना ८ आणि वीजमीटर नावावर करायला टाकले.

चुना ऑगस्टमध्येच भिजत घालायचा. गोठ्यामागे खड्डा, आतून चिरे, वर चार बोटं पाणी कायम. जितका मुरेल तितका चांगला, आणि दरजा नोव्हेंबरात भरायच्या आहेत. सुतार आईनाचे वासे दिवाळीआधी कापून आडवे रचून ठेवणार आहे, ओले चढवायचे नाहीत. कौलांची ऑर्डर ढीग मोजून झाल्यावर.